इरॅस्मसचा अर्ज नेमका कुणी करायचा? (आणि अकरा करारांचं काय करू?)

कपाटाची_किल्ली

नमस्कार मंडळी. मी मुळात भूगर्भशास्त्र शिकवते. दोन महिन्यांपूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय संबंध कक्षाचा 'अतिरिक्त कार्यभार' गळ्यात पडला. कक्ष म्हणजे एक कपाट, एक प्रिंटर आणि मी. कपाटात परदेशी विद्यापीठांशी झालेले अकरा सामंजस्य करार निघाले. प्रत्येकासोबत हस्तांदोलनाचा फोटो आहे. त्यातून आजवर एकही विद्यार्थी गेलेला नाही की आलेला नाही.

आता वरून आदेश आलाय, 'इरॅस्मसचे पैसे आणा.' इरॅस्मस म्हणजे शिक्षणातल्या देवाणघेवाणीला अनुदान देणारा युरोपीय संघाचा कार्यक्रम. त्यांची चारशेहून जास्त पानांची मार्गदर्शिका उतरवून घेतली आणि पन्नासाव्या पानावर हात टेकले. आमचं विद्यापीठ युरोपबाहेरचं. पोर्टलवर नोंदणी केली, संस्थेचा क्रमांक मिळाला, पण पुढे 'अर्ज करा' असं बटण कुठे दिसतच नाही. मला फार काही नको: चार विद्यार्थी एका सत्रासाठी पाठवायचेत आणि दोन शिक्षकांची आठवडाभराची देवाणघेवाण. अंदाजपत्रकही केलंय. प्रवास जाऊन-येऊन, म्हणून मार्गदर्शिकेच्या तक्त्यातली रक्कम दुप्पट धरली आहे. माझं कुठे चुकतंय?

फायलींचा_हमाल

ताई, नऊ वर्षं असल्याच कक्षात काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लावतो.

बटण सापडत नाही कारण तुमच्यासाठी ते नाहीच. तुम्हाला हवंय त्याचं नाव केए१७१, म्हणजे युरोपबाहेरच्या देशांशी विद्यार्थी-शिक्षकांची देवाणघेवाण करायची इरॅस्मसमधली योजना. त्यात अर्ज करतं युरोपीय संघातलं किंवा कार्यक्रमाशी संलग्न देशातलं विद्यापीठ, आणि तेही आपापल्या देशातल्या राष्ट्रीय एजन्सीकडे. त्यांच्याकडे उच्चशिक्षणाची इरॅस्मस सनद असावी लागते. तुम्हाला ती लागत नाही, मागितली तरी मिळणार नाही. पैसे त्यांच्या खात्यात येतात, हिशेबही तेच देतात. म्हणजे अर्ज लिहिणं हे तुमचं कामच नाही. जो लिहिणार आहे त्याचं काम हलकं करायचं, एवढंच. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पहिल्या वर्षी मी एका विद्यापीठाला बारा पानी पत्र धाडलं होतं. आमची स्थापना, आमचा वारसा, कुलगुरूंचा संदेश, सगळं. साधी पोचही आली नाही. दुसऱ्या वर्षी त्याच बाईंना एकच पान पाठवलं: कोणते सहा पेपर इंग्रजीतून शिकवतो, सत्र कधी सुरू होतं, पाहुण्यांसाठी वसतिगृहाच्या किती खोल्या आहेत, अडचण आली तर कुणाला फोन करायचा. तिसऱ्या दिवशी उत्तर. मागाहून कळलं की त्यांना अर्जात जगाच्या प्रत्येक प्रदेशासाठी वेगळी उत्तरं लिहावी लागतात: हेच भागीदार का, जाण्यायेण्याची व्यवस्था काय, निवड कशी होणार. माझं पान त्यांनी जवळपास तसंच्या तसं उचललं होतं. वारशाला तिथे रकाना नव्हता.

कपाटातले करार तिथेच राहू द्या. इरॅस्मसला आंतरसंस्थात्मक करार लागतो, आणि त्यात 'उभयपक्षी सहकार्य वृद्धिंगत करणे' वगैरे चालत नाही. कोणत्या विषयाचे, कोणत्या पातळीचे, किती जण, किती महिने, भाषा कितपत यायला हवी, नावं कळवायची शेवटची तारीख, गुणपत्रक किती आठवड्यांत, सगळं आकड्यांत. पहिला माणूस विमानात बसायच्या आत त्यावर दोघांच्या सह्या हव्यात.

आता अंदाजपत्रक. दुप्पट धरलंत ते आधी खोडा. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर अंतरमापक आहे, त्यात दोन गावं टाकायची. अंतर एका बाजूचंच मोजायचं, पण मिळणारी रक्कम जाऊन-येऊन मिळून असते. टप्पे ठरलेले आहेत: ४००० ते ७९९९ किलोमीटर हा एक, ८००० पासून पुढे वेगळा. आमचं एकदा ७९७० आलं. तीस किलोमीटरनी वरचा टप्पा हुकला. दुसरं कुठलं गाव टाकता येईल म्हणून मी तासभर नकाशा पाहत बसलो होतो, हे प्रांजळपणे सांगतो. चालत नाही. संस्था जिथे आहे तिथूनच मोजायचं.

विद्यार्थ्याचा मुक्काम किमान दोन, जास्तीत जास्त बारा महिने, त्यामुळे तुमचं एक सत्र आरामात बसतं. यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क, परीक्षाशुल्क, प्रयोगशाळेचे पैसे घेऊ शकत नाही. विमा किंवा विद्यार्थी संघटनेची वर्गणी तिथल्या मुलांइतकीच मागू शकतं.

आणि पैसा हातात कधी पडतो ते वित्त विभागाला आजच विचारा. आमच्या पहिल्या विद्यार्थिनीला हप्ता मिळाला तो तिथे पोहोचून, बँकेत खातं उघडल्यावर. तोवर तिकीट, व्हिसा, विमा, पहिल्या महिन्याचं भाडं कोण देणार? ऐपत असलेलीच मुलं जाणार असतील तर एवढा उपद्व्याप कशाला? आम्ही परतफेडीच्या अटीवर उचल द्यायचा प्रस्ताव ठेवला. फाईल 'रक्कम परत न आल्यास जबाबदारी कोणाची?' असा शेरा घेऊन तीनदा खाली आली. चौथ्यांदा मंजूर झाली, पण विद्यार्थिनी तोवर काकांकडून उसने घेऊन गेलीही होती.

आठ_तास

मी या योजनेतून शिकवायला जाऊन आलोय, म्हणून शिक्षकांपुरतं सांगतो. बाहेरच्या देशातून जाणाऱ्याला प्रवासाचे दिवस वगळून किमान पाच दिवस राहावं लागतं, कमाल साठ. शिकवायला जात असाल तर आठवड्याला निदान आठ तास वर्गात उभं राहायचं. आमच्या एका सहकाऱ्यांनी तीन व्याख्यानं आणि उरलेला वेळ 'चर्चा' असा कार्यक्रम आखला होता. यजमानांनी नम्रपणे परत पाठवला. निघताना उपस्थितीचा दाखला हातात घेऊनच निघा, आणि त्यावरच्या तारखा तिथेच वाचा. माझ्या दाखल्यावर एक दिवस कमी पडला होता. तो दुरुस्त होऊन येईपर्यंत ईमेलची पंधराएक पत्रं झाली.

प्रयोगशाळेतून

स्वतःच्या विद्यापीठाच्या नावानेच अर्ज करायचा असेल तर वाटा आहेत, फक्त त्या वेगळ्या कामासाठी आहेत. इरॅस्मसच्याच क्षमताबांधणीच्या योजनेत युरोपबाहेरचं विद्यापीठही मुख्य अर्जदार होऊ शकतं. सर्वात लहान गटात दोन लाख ते चार लाख युरो. पण ते पैसे अभ्यासक्रम नवा करणं, कक्ष उभा करणं अशा कामांचे. चार मुलं पाठवायला तो अर्ज करणं म्हणजे काडी हलवायला क्रेन. ज्याँ मोने ही दुसरी. राज्यशास्त्र किंवा कायदा विभागात युरोपीय संघ शिकवणारं कुणी असेल तर वर्षाला किमान चाळीस तासांचा अभ्यासक्रम तीन वर्षं चालवायला अनुदान मिळतं आणि अर्ज तुमचं विद्यापीठ थेट करतं.

तुमच्या विभागात नुकतीच पीएचडी झालेलं कुणी असेल तर त्यांना मारी क्युरी फेलोशिपचं सांगा. युरोपात एक ते दोन वर्षं संशोधन करता येतं. अट एकच नीट वाचा: ज्या देशात जायचं तिथे शेवटच्या तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य नको.

कपाटाची_किल्ली

हमालसाहेब, तुमच्या पोस्टची छापील प्रत कपाटाच्या दाराला चिकटवली आहे. शनिवारी बसून अकरा करार चाळले. सातांकडे सनद आहे. त्यातल्या तीन ठिकाणी ज्यांची सही आहे ती माणसं निवृत्त झालीत. पण एका ठिकाणच्या प्राध्यापिकेबरोबर आमच्याच विभागातल्या सरांचे दोन संयुक्त शोधनिबंध आहेत! सर माझ्या शेजारच्या खोलीत बसतात. खडकांचे पातळ छेद पाहायला त्या बाईंनी त्यांना एकदा आपलं सूक्ष्मदर्शक दिलं होतं म्हणे. विचारलं, 'सर, बोलला का नाहीत?' तर म्हणाले, 'कक्षाकडून कुणी विचारलंच नाही.'

एक पान तयार होतंय. आता परीक्षा विभागाचा सवाल: तिथले श्रेयांक (क्रेडिट) इथे कसे धरायचे? ते म्हणतात, परत आल्यावर बघू.

फायलींचा_हमाल

'परत आल्यावर बघू' यावर अजिबात थांबू नका. आमची एक मुलगी तिकडून सत्राचे पूर्ण ३० श्रेयांक घेऊन आली आणि इथे तिला सांगितलं की दोन पेपर पुन्हा द्या, कारण नावं जुळत नाहीत. तिकडचा 'अवसादनशास्त्र', इकडचा 'स्तरित खडक'. रडली पोर.

जायच्या आधी अभ्यास करारावर तिघांच्या सह्या होतात: विद्यार्थी, पाठवणारी संस्था, घेणारी संस्था. त्यात दोन तक्ते असतात, तिथे काय शिकणार आणि त्याबदल्यात इथे काय धरणार. दुसरा तक्ता मोकळा ठेवून सही करायची घाई सगळे करतात. तो भरून अभ्यास मंडळाच्या बैठकीत ठेवा आणि इतिवृत्तात नोंद घ्या. तासांचा हिशेब मागितला तर त्यांचा एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास, आणि त्यात घरचा अभ्यासही धरलेला असतो. परीक्षा विभाग फक्त वर्गातले तास मोजतो आणि 'कमी पडतात' म्हणतो, तिथेच गाडी अडते. तिथे गेल्यावर वेळापत्रक जुळलं नाही म्हणून विषय बदलतात, हमखास. त्यासाठी करारात वेगळा भाग आहे. बदल झाला की तुमच्याकडे पुन्हा सहीला येऊ दे.

शेजारच्या खोलीतल्या सरांकडून त्या बाईंना आधी दोन ओळी जाऊ देत, तुमचं पान त्यामागून. ते त्यांच्याकडच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयालाही पाठवा, कारण अर्ज बाई करत नाहीत, कार्यालय करतं. हे अर्ज बहुतेकदा फेब्रुवारीत जातात आणि कोणते प्रदेश घ्यायचे ते कार्यालयं त्याच्या बरंच आधी ठरवून बसतात. पत्र ऑक्टोबरच्या पुढे ढकलू नका.

कपाटाची_किल्ली

सरांनी आत्ताच पाठवलं. माझं पान उद्या सकाळी. वसतिगृहाच्या खोल्यांच्या रकान्यात 'दोन' लिहिलंय. रेक्टर 'एक' म्हणतायत, त्यांच्याकडे जाऊन येते.