मदत हवी आहे: आत्याचा हर-टू रिपोर्ट २+ आलाय, फिश टेस्ट सांगितली आहे

नमस्कार. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. माझ्या आत्याला (वय ५८) डाव्या स्तनात गाठ लागली आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला. आयएचसी (पेशींवरची प्रथिनं रंगवून बघायची तपासणी) रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) पॉझिटिव्ह आणि हर-टू २+, इक्विव्होकल म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही, असं आलंय. ओपीडीत इतकी गर्दी होती की नीट विचारता आलं नाही.

वाचून मला कळलं ते असं. हर-टू हा पेशीवरचा रिसेप्टर (निरोप घेणारं प्रथिन), ग्रोथ फॅक्टरचा, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या पदार्थांचा, निरोप आत पोचवणाऱ्या कुटुंबातला. मुलगी वयात येते तेव्हा एकट्या इस्ट्रोजेनने स्तनांची वाढ होत नाही. ग्रोथ हार्मोनमुळे तयार होणारं आयजीएफ-१ आणि स्तनातच तयार होणारं अँफिरेग्युलिन, या ग्रोथ फॅक्टरांच्या जोरावर नलिका लांबतात, त्यांना फांद्या फुटतात. वाढीची हीच यंत्रणा पुढे कॅन्सरच्या पेशी वापरतात. हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की रिसेप्टरांची दाटी होते आणि बाहेरून काही न येताही वाढीचा निरोप चालूच राहतो. २+ मध्ये नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही, म्हणून फिशमध्ये प्रती मोजतात. बरोबर ना?

खरी काळजी घरातली आहे. एका नातेवाइकाने सांगितलं की ग्रोथ फॅक्टर दुधातून, अंड्यांतून येतात. तेव्हापासून आत्याने दूध, दही, अंडी सगळं सोडलंय, चहासुद्धा कोरा. आधीच जेवण कमी झालंय, गालफडं बसलीत. केमो लागली तर अंगात ताकद कुठून आणायची? तिची नात बारा वर्षांची आहे, तिचंही दूध बंद करायचं चाललंय. यांना कसं समजवू?

दुसरं, पॅराफिन ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात तो) आपण मागितला तर देतात का? सेकंड ओपिनियनसाठी खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये कुणी स्लाइड्स नेल्या आहेत का?

प्रतिसाद:

ताई, तुम्ही बरोबर समजलात. माझ्या सासूबाईंचाही २+ होता, फिश पॉझिटिव्ह आली. जनुकाच्या त्या प्रती गाठीच्या पेशींतच वाढलेल्या असतात. त्या दुधाने वाढत नाहीत आणि नातीकडेही जात नाहीत. घराण्यातून येणारा बीआरसीए जनुकातला दोष वेगळा, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतंत्र विचारा. आत्यांना डायटिशियनकडे न्याच. घरच्यांचं ऐकलं नाही तरी त्यांचं ऐकतात, आमच्याकडे तसंच झालं.

ब्लॉकसाठी लॅबला लेखी अर्ज द्या, सोबत मूळ रिपोर्टची प्रत आणि आत्यांचं ओळखपत्र. फिशही त्याच ब्लॉकवर होते, त्यामुळे आधी फिशला गेलाय का ते विचारा. पॉझिटिव्ह आली तर ट्रॅस्टुझुमॅब (हर-टूवरचं औषध) साधारण वर्षभर, बहुतेकदा दर तीन आठवड्यांनी देतात. हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून सुरू करण्याआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, मग मध्ये मध्ये पुन्हा. या औषधाचे भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं) २०१४ पासून बाजारात आहेत, मूळ औषधापेक्षा स्वस्त पडतात. डॉक्टरांना त्यांचं नाव काढून विचारा.