पोकलेनची ट्रॅक मोटर परत बसवल्यावर एअर कशी काढायची?

शेततळेवाला:
नमस्कार मंडळी, आपली २० टनी पोकलेन आहे, डाव्या ट्रॅव्हल मोटरचं (चेन फिरवणारी ट्रॅक मोटर) सील किट बदलून मोटर परत बसवली. आता डावी चेन झटके देत चालते, मोटरमधून कुंईऽऽ असा आवाज येतोय आणि टाकीच्या काचेत तेलावर फेस दिसतोय. उजवी बाजू एकदम ओके. मिस्त्री म्हणतोय इंजिन चालू ठेवून मोठा होस जरा ढिला करू, एअर निघून जाईल. तसं करू का? पाऊस तोंडावर आलाय आणि शेततळं अर्धवट पडलंय.

हायड्रॉलिक_गॅरेज:
भाऊ आधी मशीन बंद करा. चालू इंजिनवर प्रेशरचा होस अजिबात ढिला करायचा नाही, त्या लाइनला लोडवर ३०० बारच्या वर प्रेशर जातं. तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून नुसतं टाचणी टोचल्यासारखं दिसतं पण आतून हात सडायची वेळ येते. असं कुणाला झालंच तर दुखो न दुखो, सरळ दवाखाना गाठायचा. लिकेज शोधायला पण हात नाही, पुठ्ठा धरा.

मोठ्या लाइनमधली एअर मोटर फिरली की टाकीत जातेच. तुमची मोटर केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या आत, कोरडी असणार, बसवताना तेल भरलं होतं का? टाकीचं प्रेशर सोडा, ड्रेनचा होस (केसमध्ये झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारा) काढा आणि त्याच पोर्टमधून स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल हळूहळू ओता. बुडबुडे येत राहतील, लेव्हल खाली बसेल, परत भरायचं, काठोकाठ राहिलं की मगच होस जोडा.

शेततळेवाला:
तेल भरलं नव्हतं, कुणी बोललंच नाही. बारीक होस दोन आहेत, ड्रेनचा कुठला?

हायड्रॉलिक_गॅरेज:
दुसरा टू स्पीडचा पायलट असतो, म्हणजे चालायचा हळू-जलद स्पीड बदलणारा कंट्रोलचा होस, बहुतेक ड्रेनपेक्षा बारीक. तरी अंदाजाने काढू नका, सेंटर जॉइंटपासून (वरची फिरती बॉडी आणि खालच्या चेसिसमधला तेलाचा फिरता जोड) माग काढा, टाकीकडे परत जातो तो ड्रेन. आणि तो चुकूनही बंद राहिला तर नवीन सील पहिल्याच दिवशी जाईल.

पोकलेन_ऑपरेटर_मराठवाडा:
वरचं सगळं बरोबर. पुढचं सांगतो, कॅबिन ९० अंशात फिरवा, बकेट जमिनीला दाबून डावी चेन उचला, इंजिन लो आयडलवर, कासव स्पीडला हळूहळू पुढे मग मागे फिरवा. चेनजवळ कुणाला उभं करू नका, लहान पोरं तर लांबच ठेवा. आवाज बसेपर्यंत लोडवर न्यायची घाई नको. मग मशीन थंड होऊ द्या, फेस बसला की टाकीची लेव्हल बघा, कमी झालेली असणारच.

हायड्रॉलिक_गॅरेज:
एवढं करून पण डावी बाजूच झटके देत असेल तर सेंटर जॉइंटवर डाव्या-उजव्या मोटरचे होस अदलाबदल करून बघा. तक्रार उजवीकडे गेली तर मोटर चांगली आहे, दोष व्हॉल्व्ह किंवा पंपाकडे. दोन्ही बाजूंना फेस आणि आवाज असेल तर पंपाच्या सक्शनचा क्लॅम्प, ओरिंग बघा. आणि फायनल ड्राइव्हचं (मोटरला जोडलेला चेनचा गिअरबॉक्स) गिअर ऑइल पण चेक करा, लेव्हल वाढलेली किंवा ऑइल पातळ दिसलं तर मोटरचं सील नीट बसलेलं नाही, परत खोलावंच लागेल.