एकाच नावाची माणसं: ‘पहिला-दुसरा’ हा हिशेब कुणी मांडला?

सूचीकार

महिनाभर एका इतिहासाच्या पुस्तकाची नामसूची करत बसलोय. काल ‘न’ वर आलो आणि अडकलो. आधीच्या माणसाने केलेल्या कच्च्या सूचीत नोंद होती: ‘नानासाहेब पेशवे – १४२, १४३, २११’. पान १४२ वरचे नानासाहेब पानिपतानंतर खचून १७६१ च्या जूनमध्ये पर्वतीवर वारलेले. पान २११ वर १८५७ चं कानपूर. म्हणजे सूचीच्या हिशेबाने गृहस्थ वारल्यावर शहाण्णव वर्षांनी इंग्रजांशी लढायला उभे राहिले.

असं झालं की आपण क्रमांक लावून मोकळे होतो. पण इथे तोही लागत नाही, कारण एकाचं खरं नाव बाळाजी बाजीराव, दुसऱ्याचं धोंडोपंत. मग रात्रभर डोक्यात तेच. मुळात हे क्रमांक आले कुठून?

माझं म्हणणं सरळ आहे. ‘पहिला बाजीराव’ नावाचा माणूस कधी जन्मलाच नाही. १७४० मध्ये रावेरखेडीला गेला तो बाजीराव बल्लाळ. त्याचा नातू गादीवर आला तेव्हा कुठे तो ‘पहिला’ झाला, तेही मेल्यावर. इंग्लंडची एलिझाबेथ १६०३ मध्ये वारली आणि ‘पहिली’ व्हायला तिला १९५२ उजाडावं लागलं. जे नाव माणसाने हयातीत ऐकलंच नाही ते त्याला चिकटवायचं कशाला? शिवाय ‘दुसरा’ म्हटलं की तो माणूस पहिल्याची फिकट प्रत वाटायला लागतो, वाचायच्या आधीच.

माझ्या मते वडिलांचं नाव आणि सालं द्यावीत. क्रमांक काढून टाकावेत.

खडूफळा

साफ नामंजूर. वीस वर्षं इतिहास शिकवतेय. वर्गात ‘बाजीराव रघुनाथ’ म्हटलं की चाळीस चेहरे कोरे. ‘दुसरा बाजीराव’ म्हटलं की निदान काळ तरी डोळ्यासमोर येतो.

आणि क्रमांक नसेल तर लोक काय म्हणतात ते ऐकलंय ना? ‘पळपुटा बाजीराव’. आता सांगा, फिकट प्रत कशाने झाली, ‘दुसरा’ने की ‘पळपुटा’ने? बिरुद म्हणजे दोन अक्षरांत उरकलेला निकाल. क्रमांकाला निदान मत नसतं.

मोडीवाचक

ताई, इथेच गल्लत होते. क्रमांकाला मत असतं, आणि चांगलं धारदार असतं.

फ्रान्सचा सोळावा लुई १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेला. १८१४ मध्ये त्याचा भाऊ गादीवर बसला तो अठरावा लुई म्हणून. सतरावा कुठे गेला? तो म्हणजे सोळाव्याचा मुलगा, १७९५ मध्ये कैदेत वारला तेव्हा दहा वर्षांचा. एक दिवस राज्य केलं नाही. पण काकाने स्वतःला ‘अठरावा’ म्हणवलं, आणि त्या एका आकड्यात सांगून टाकलं की मधली क्रांती, मधलं प्रजासत्ताक आम्ही मोजतच नाही.

स्वीडनची गंमत तर याहून मोठी. तिथला नववा कार्ल खरं तर तिसराच. आधीचे सहा सोळाव्या शतकातल्या एका आर्चबिशपने लिहिलेल्या कल्पित इतिहासातले. आजचा राजा सोळावा कार्ल म्हणवतो, त्यातही ते सहा धरलेलेच आहेत. झालेच नाहीत असे सहा राजे, आणि आकडा पुढे चालूच.

अंकगणित

हे राजेरजवाड्यांचं झालं. सूचीकारांना विचारतो, आर्यभटाच्या वडिलांचं नाव काय लिहाल?

जन्म ४७६, ‘आर्यभटीय’ ४९९, एवढं त्याच्याच श्लोकावरून निघतं. वडिलांचं नाव तो सांगत नाही. दहाव्या शतकाच्या आसपास ‘महासिद्धान्त’ लिहिणारा आणखी एक आर्यभट आहे. वेगळा माणूस, वेगळा ग्रंथ. इथे ‘पहिला’, ‘दुसरा’ म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. भास्कराचंही तेच. आर्यभटीयावर ६२९ मध्ये भाष्य लिहिणारा पहिला, ‘लीलावती’वाला दुसरा (जन्म १११४). दुसऱ्याला आपण ‘भास्कराचार्य’ म्हणतो आणि पहिला बिचारा पुसलाच जातो. क्रमांकामुळे निदान कळतं की आधी कुणीतरी होता.

आता माझ्याच बाजूच्या विरोधात जाणारी गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकराव्या शतकात भारताविषयी लिहिणाऱ्या अल्बेरुनीने दोन आर्यभट मानले होते, एक जुना आणि एक कुसुमपूरचा. १९२६ मध्ये गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक विभूतिभूषण दत्त यांनी दाखवून दिलं की हे दोघे एकच. म्हणजे एका माणसाचे दोन झाले होते. आणि महासिद्धान्तवाला या भानगडीत कुठेच नव्हता!

मोडीवाचक

>> एका माणसाचे दोन झाले होते

तेवीसाव्या जॉनचं उलट. पंधराव्या शतकात बाल्दासारे कोसा नावाच्या गृहस्थाने पोप म्हणून हे नाव घेतलं, पुढे चर्चने त्याला पोपच मानलं नाही. १९५८ मध्ये नव्या पोपने तोच क्रमांक उचलला. क्रमांक एक, माणसं दोन. आणि विसावा जॉन कधी झालाच नाही, मधल्या काळात मोजणीच चुकली. हा तुमचा निष्पक्ष आकडा.

उंबरठा

अवांतर: जर्मनीत रॉइस म्हणून एक घराणं आहे, त्यातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं हाइन्रिख. राजा असो नसो, प्रत्येक मुलाला क्रमांक. थोरल्या शाखेत शंभरपर्यंत मोजून पुन्हा एकपासून, धाकट्या शाखेत नवं शतक लागलं की एकपासून. त्यांच्या घरी हाक मारायची सोय काय होती कुणास ठाऊक.

ज्यूलिया_कितवी

सगळी चर्चा बाप्यांची चाललीय म्हणून मध्ये पडते.

ज्यूलियस सीझरला दोन बहिणी. एकीचं नाव ज्यूलिया, दुसरीचंही ज्यूलिया. आत्या ज्यूलिया. मुलगी ज्यूलिया. रोममध्ये मुलीला बापाच्या कुळाचं नाव मिळायचं, दोन झाल्या तर थोरली आणि धाकटी. मार्क अँटनीच्या दोन अँटोनियांचंही तेच. सूचीकार म्हणतात वडिलांचं नाव द्या. अहो, या बायकांकडे वडिलांच्या नावाशिवाय दुसरं काही नव्हतंच! तरी वाचणाऱ्याला एक ज्यूलिया दुसरीपासून ओळखू येत नाही.

आणि क्लिओपात्रा? ती सातवी. आधीच्या सहा कुणाला आठवतात? क्रमांकाने काय मोठं राखलं?

खडूफळा

ज्यूलियाताई, मुद्दा पटला, पण तो बिरुदांवरच जास्त उलटतो. क्लिओपात्राच्या घराण्यातले राजे सगळे टॉलेमी. ते स्वतःला क्रमांक लावत नव्हते, बिरुदं लावत होते. तिसऱ्याने घेतलं ‘उपकारकर्ता’, आठव्यानेही तेच घेतलं. म्हणजे नाव एक, बिरुदही एक. (आठव्याला लोक मागून ‘ढेरपोट्या’ म्हणायचे, तेवढीच काय ती खूण.) शेवटी आजच्या अभ्यासकांना आकडेच लावावे लागले.

आणि सूचीकार, ‘पहिला’ नेहमी मेल्यावरच चिकटतो असंही नाही. १९७८ मध्ये निवडून आलेल्या पोपने स्वतःच ‘जॉन पॉल पहिला’ असं नाव घेतलं. महिनाभरात वारले, त्याच वर्षी दुसरे झालेही.

घाटमाथा

एलिझाबेथचं नाव निघालंच आहे तर स्कॉटलंडचं सांगतो. तिथे पहिली एलिझाबेथ कधी राणीच नव्हती, मग ही ‘दुसरी’ कशी, म्हणून लोक बिथरले. १९५३ मध्ये एडिनबरात ‘दुसरी’ अशी मुद्रा असलेली टपालपेटी स्फोटाने उडवली. प्रकरण कोर्टात गेलं. नंतर तिथल्या पेट्यांवर क्रमांक नाही, नुसता स्कॉटिश मुकुट. आणि त्यांचा एक जेम्स तर एकाच वेळी स्कॉटलंडात सहावा आणि इंग्लंडात पहिला. माझं मत सूचीकारांकडे.

मोडीवाचक

एक गोष्ट सगळेच विसरताय. त्या काळच्या लोकांना कोण कुठला हे नीट कळत होतं. शाहू महाराज ‘थोरले’, १७७७ नंतरचे ‘धाकटे’. माधवराव एक ‘थोरले’, एक ‘सवाई’. आणि दुसऱ्या बाजीरावाला तर ‘रावबाजी’ म्हणत, नावच फिरवून. क्रमांक नाही, शिवी नाही, दोन तुकड्यांची अदलाबदल. याहून सुटसुटीत तोड मला माहीत नाही.

जिवंतपणी दोघांनी बसून मिटवल्याचंही उदाहरण आहे. १८९९ मध्ये विन्स्टन चर्चिल नावाचे दोन लेखक होते, एक अमेरिकन कादंबरीकार, एक इंग्रज. इंग्रजाने पत्र लिहून कळवलं की गोंधळ नको, मी ‘विन्स्टन स्पेन्सर चर्चिल’ अशी सही करीन. तेव्हा अमेरिकनच जास्त गाजलेला होता! आज त्याचं नाव काढलं की आधी ‘तो नव्हे’ म्हणून सांगावं लागतं.

अंकगणित

म्हणजे नुसतं नाव शेवटी जो गाजेल त्याचं. बाकीच्यांनी शेपूट लावून हिंडायचं.

सूचीकार

थोडं मागे येतो. वडिलांचं नाव सगळीकडे चालणार नाही, आर्यभटाने आणि ज्यूलियांनी माझी विकेट काढली. पण खडूफळाताई, क्रमांक निष्पक्ष आहे हे मी अजूनही मानत नाही. गादीवर बसला तोच मोजायचा हा नियम कुठला? शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी, कनकगिरीला मारले गेले. छत्रपती संभाजी महाराजांच्या आधीचे ते संभाजी, पण कुठल्याच मोजणीत नाहीत.

सूचीत सध्या असं केलंय: ‘नानासाहेब (बाळाजी बाजीराव, मृ. १७६१) – १४२, १४३’ आणि खाली वेगळी ओळ, ‘नानासाहेब (धोंडोपंत, १८५७) – २११’. क्रमांक नाही. बाजीरावांना मात्र नाइलाजाने दोन्ही दिलं: ‘बाजीराव रघुनाथ (दुसरा, रावबाजी)’. संपादक म्हणाले, ओळ लांब होतेय. होऊ दे म्हटलं.

आता ‘श’ वर आलोय आणि पुन्हा घाम फुटलाय. पुस्तकात १७०७ नंतरचं प्रकरण आहे. मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहूंचं जन्मनाव शिवाजी. समोर गादीवर ताराबाईंचा मुलगा, त्याचंही नाव शिवाजी. लेखकाने एका परिच्छेदात तीनदा नुसतं ‘शिवाजी’ लिहिलंय, आणि त्यातले एक मला वाटतं चक्क आजोबा आहेत.

खडूफळा

परिच्छेद इथे टाका. आणि ताराबाईंच्या मुलाला ‘दुसरा’ म्हटल्याशिवाय सोडवून दाखवा.