मदत हवी आहे: दुपारी तीनला अंधार, मन कशात रमवता?

नमस्कार मंडळी. स्टॉकहोममधला हा माझा दुसरा हिवाळा. डिसेंबरअखेर इथे सूर्य पावणेनऊला उगवतो आणि तीनच्या आत मावळतो. उगवतो कसला, ढगांमागून हजेरी लावून जातो! गेल्या वर्षीचा अख्खा जानेवारी मी लोळून काढला. नवरा ऑफिसात, मला नोकरी नाही, आईला फोन केला की एकच, "अगं, स्वेटर घाल."

यंदा ठरवून छोट्या छोट्या गोष्टी धरल्यात. अकराच्या सुमारास, उजेड आहे तोवर, पाण्याकाठी एक फेरी. आल्याचा चहा खिडकीत बसून, फोन बाजूला ठेवून. नाताळच्या आधी चार आठवडे इथे खिडक्याखिडक्यांत कागदी तारे लागतात, आत दिवा असलेले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा गळाच दाटून आला, अगदी आपले आकाशकंदील. म्हणून यंदा दिवाळीचा कंदील उतरवलाच नाही.

पण फेब्रुवारी अजून लांब आहे आणि माझा उत्साह आत्ताच ओसरतोय. थंड देशांत राहणाऱ्यांनी सांगा, तुमचं रोजचं असं काय असतं ज्याची सकाळी उठल्यावर वाट पाहाविशी वाटते? हिवाळ्यातली उदासी घालवायला समोर ठेवून बसतात तो प्रखर, दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) दिवा कुणी वापरलाय का, खरंच फरक पडतो? आणि हो, कढीपत्त्याच्या कुंडीची पानं गळून नुसती काडी उरलीय. मेलाय की झोपलाय, कसं ओळखायचं?