मदत हवी आहे: ब्लूफील्डच्या मायनर लीग संघांची वंशावळ

ब्लूफील्ड, वेस्ट व्हर्जिनिया या अमेरिकेतल्या छोट्या शहराच्या बेसबॉल संघांचा तक्ता करतोय (मायनर लीग म्हणजे मुख्य, ‘मेजर’ लीगच्या खालचे व्यावसायिक स्तर). अलीकडचा भाग सरळ आहे: ॲपलाचियन लीगमध्ये 1958 ते 2010 बाल्टिमोर ओरिओल्स या मेजर लीग संघाशी जोडलेला संघ (पुढे नामवंत झालेला खेळाडू कॅल रिपकेन ज्युनिअर 1978 मध्ये इथेच सुरू झाला), मग 2020 पर्यंत टोरंटो ब्लू जेजशी जोडलेला. 2021 मध्ये मेजर लीगशी संलग्न मायनर लीग संघ 160 वरून 120 झाले आणि लीग कॉलेज खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा बनली. त्यातला ब्लूफील्डचा संघ नव्या रकान्यात घेतला आहे. संघाचं मैदान, बोवेन फील्ड, मात्र राज्यसीमेपलीकडे, व्हर्जिनियाच्या हद्दीत आहे. त्यामुळे शोधताना दोन्ही राज्यं टाकावी लागतात.

अडतंय ते 1940 च्या दशकात, क्लास डीच्या (तेव्हाच्या मायनर लीगच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या) काळात. हंगामाची आकडेवारी देणाऱ्या वार्षिक गाइडमध्ये कमी सामने खेळलेल्यांची आकडेवारी गळते, अनेकांचं फक्त आडनाव असतं. मग एकाच आडनावाचे दोघं एका ओळीत मिसळतात आणि बेरीज चुकते.

त्या वर्षांच्या वर्तमानपत्रांतले बॉक्स स्कोअर (सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे तक्ते) मायक्रोफिल्मवरून कुणी उतरवले आहेत का? आणि मालक बदलला पण शहर, मैदान, लीग तीच राहिली, तर तुम्ही संघ सलग धरता की नवा? मला सलग धरणंच योग्य वाटतं.