सर्पदंशाच्या दाव्यात तज्ज्ञ साक्षीदाराचा अहवाल कसा लिहावा?

आयसीयू_बेळगाव: ग्राहक आयोगापुढच्या दाव्यात मत द्यायचंय. खानापूर भागातलं नऊ वर्षांचं पोर, घोणस चावलेली. आधी तालुक्याला, मग बेळगावात. किडन्या निकामी होऊन मृत्यू. तक्रार दोन: एएसव्ही (सापाच्या विषावरची लस) उशिरा दिली, आणि पोराला मोठ्या माणसाचा डोस दिला. केसपेपर इंग्रजीत, पोलिस जबाब कन्नडमध्ये, घरचे मराठी. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी: आधी बघा, पेशंट किंवा त्यातलं कुठलंही हॉस्पिटल तुमच्या संबंधातलं आहे का. असेल तर नकार कळवून मोकळे व्हा.

नसेल तर घड्याळ धरा. दंश, दाखल, एएसव्हीची पहिली व्हायल (कुपी), रेफर, डायलिसिस: प्रत्येक वेळेपुढे पान क्रमांक. नर्सिंग चार्ट, मॉनिटर, मेडिकलचं बिल आणि १०८ ची नोंद क्वचितच जुळतात. चार्टवर १०.२० आणि बिलावर १०.४० असेल तर दोन्ही लिहा, मधला आकडा काढू नका. व्हायल वॉर्डच्या साठ्यातून दिली की बिल मागून फाटतं.

"दोन तास झाले" हे आई मराठीत बोलली आणि कन्नडमध्ये उतरलं, तर मूळ जबाबासोबत भाषांतर जोडा.

फुरसे_घोणस: उशिराचा मुद्दा वीस मिनिटांच्या चाचणीवर ठरेल. साप चावला एवढ्यावर एएसव्ही देत नाहीत, विषाची लक्षणं लागतात. कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त, २० मिनिटं न हलवता, मग एकदाच कलती करायची. रक्त गोठलं नसेल तर विष चढलंय असं धरतात. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली काच असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही. नळी कुठली होती ते कागदावर सहसा नसतं. मग तसंच लिहायचं. पहिल्या वेळी रक्त गोठलं असेल तर चाचणी पुन्हा कधी केली, खरा प्रश्न तो.

डोसचा आक्षेप टिकत नाही. साप लहान-मोठं बघून विष सोडत नाही, म्हणून पोरालाही त्याच ८ ते १० व्हायल. वजनाप्रमाणे बदलतं ते एएसव्ही ज्यात मिसळून देतात ते सलाईनचं पाणी. तेवढं मात्र तपासा. एएसव्ही दिल्यावर पुढची चाचणी ६ तासांनी, कारण गोठण्याचे घटक परत तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो.

आणि साप खरंच घोणसच होता का? चापडा (दुसरा विषारी साप) असेल तर आपली एएसव्ही त्याच्यावर चालत नाही.

काळा_कोट: डॉक्टर, "निष्काळजीपणा झाला" असं लिहू नका, तो निर्णय आयोगाचा. त्या रात्री तालुक्यात जी साधनं होती त्यांत सक्षम डॉक्टरने काय केलं असतं, ते लिहा. बेळगावच्या आयसीयूचं माप खानापूरला लावलंत की उलटतपासणीत पहिला घाव तिथंच. "घोर निष्काळजीपणा" हा शब्दही टाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू (२००५) निकालातला तो निकष फौजदारीचा. नुसतं मत चालत नाही, कारणं आणि आधार द्यावे लागतात. त्याच न्यायालयाचा रमेशचंद्र अग्रवाल (२००९) निकाल त्यावरच आहे. उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीने होते, म्हणून प्रत्येक उत्तरात अहवालाचा परिच्छेद क्रमांक टाका.

आयसीयू_बेळगाव: सलाईनचा हिशोब राहिलाच होता. इनपुट-आउटपुट चार्ट (शरीरात किती पाणी गेलं, किती बाहेर आलं त्याची नोंद) मागवतो.