मदत हवी आहे: दुपारनंतर दम टाकणारा लिनॅक

नमस्कार मंडळी,

सोलापुरात एका रुग्णालयात बायोमेडिकल इंजिनिअर आहे. कॅन्सरच्या पेशंटना शेक द्यायचं मशीन, म्हणजे लिनॅक (६ एमव्ही, मॅग्नेट्रॉनवालं, म्हणजे मायक्रोवेव्ह तयार करणारी नळी असलेलं), दिवाळीपासून माझ्या गळ्यात पडलंय. मशीन १७ वर्षांचं. ते सांभाळणारे सर निवृत्त झाले, वार्षिक करार संपला, आणि मी कॉलेजात लिनॅक पाहिला तो फक्त आकृतीत.

एप्रिल लागल्यापासून सकाळपासून दुपारी एकपर्यंत शहाण्यासारखं चालतं. दोननंतर, बाहेर ४२ डिग्री असताना, तीन-चार पेशंट झाले की डोस रेट (किरण देण्याचा वेग) ३०० वरून २२० वर येतो आणि इंटरलॉक पडतो, म्हणजे मशीन स्वतःच बंद होतं. वीस मिनिटं थांबलं की परत सुरू. अक्कलकोट, इंडी, तुळजापूरहून एसटीनं आलेली माणसं बाकावर ताटकळतात. एक आजी रोज विचारतात, "काय ओ, मशीनला ऊन लागलं काय?" खरं सांगू, माझं निदानही तेवढंच आहे.

वेव्हगाइडमधल्या एसएफ-६ वायूचा दाब बरोबर. आयन पंपाचा करंट नेहमीइतकाच, म्हणजे व्हॅक्यूम ठीक असावा. मशीनचं पाणी थंड करणाऱ्या चिलरचा फिल्टर बदलला, कंडेन्सरवरचा कापसाचा थर काढला (शेजारी यंत्रमाग, दुसरं काय). पाणी पॅनेलवर ४० डिग्रीच दाखवतंय.

मग मॅग्नेट्रॉन म्हातारा झाला की थायरॅट्रॉन (त्याला विजेचे पल्स सोडणारा स्विच)? दोन्ही लाखांच्या घरात, यायला आठवडे. हे बदलून बघू, मग ते, असं करता येत नाही.

माझे वडील मिलमध्ये जॉबर होते, मागाच्या आवाजावरून बिघाड सांगायचे. सरही मॉड्युलेटरच्या (पल्स तयार करणाऱ्या भागाच्या) कपाटाशी कान देऊन "आज थायरॅट्रॉन अडखळतोय" म्हणायचे. लॉगबुकात मात्र एवढंच: "१२ मे. आवाज. रिझर्व्हॉयर थोडा वाढवला. ठीक." रिझर्व्हॉयर म्हणजे थायरॅट्रॉनमधल्या हायड्रोजनचा दाब ठरवणारा हीटर; पण थोडा म्हणजे किती? आता सर लेकाकडे कॅनडात. आवाज रेकॉर्ड करून पाठवला, तर त्यात नुसती एसीची घरघर.

(कपाट एकटा उघडत नाही. वीज तोडली तरी पीएफएनचे (पल्ससाठी वीज साठवणाऱ्या सर्किटचे) कपॅसिटर भरलेले राहतात, अर्थिंगची काठी टेकवल्याशिवाय हात घालायचा नाही, हे सरांनी पहिल्याच दिवशी दरडावून शिकवलंय.)

कुठल्या रीडिंगवरून दोष वेगळा काढायचा?

प्रतिसाद:
मी सिंक्रोट्रॉनवर (संशोधनाच्या मोठ्या कण-प्रवेगकावर) काम केलंय, रुग्णालयात नाही. पण तांबं दोन्हीकडे सारखंच फुगतं. २९९८ मेगाहर्ट्झच्या गाइडची (इलेक्ट्रॉनना वेग देणाऱ्या तांब्याच्या नळीची) वारंवारता दर डिग्रीला साधारण ५० किलोहर्ट्झनं उतरते. एएफसी (वारंवारता आपोआप जुळवणारं सर्किट) मॅग्नेट्रॉनला तिच्या मागे ओढत नेतो; जुना ट्यूनर अडखळला की मेळ तुटतो आणि परावर्तित पॉवर (गाइडमध्ये न शिरता मागे फिरणारी) चढते. पॅनेलवरच्या आकड्यावर जाऊ नका, तो सेन्सर कुठे बसवलाय कोण जाणे. गाइडमधून परत येणाऱ्या नळीवर वेगळा थर्मामीटर बांधा आणि दर १५ मिनिटांनी तापमान, मॅग्नेट्रॉन करंट, परावर्तित पॉवर, ट्यूनरची जागा लिहून ठेवा. थायरॅट्रॉन दगा देत असेल तर ऑसिलोस्कोपवर पल्सच गळतील. मॅग्नेट्रॉन आत ठिणग्या मारत असेल तर पल्स येईल, करंटचा आकार मात्र वेडावाकडा. आणि काहीही बदललंत तर फिजिसिस्टनं आउटपुट मोजल्याशिवाय पेशंट आत नको.

धागाकर्ता:
काका, आभार. परतीच्या नळीवर दुपारी अडीचला ४८, सकाळी ४१. पॅनेल दोन्ही वेळा ४०! परावर्तित पॉवरही दोननंतरच चढते, पल्स एकही गळत नाही. पाण्याचा मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-थंड पाणी मिसळून तापमान सांभाळणारा) अर्ध्यात अडकलेला सापडला, नवा मागवलाय. तोवर दुपारचे पेशंट सकाळी सहाला बोलावतोय, आजी पहिल्या नंबरला.

रिझर्व्हॉयर "थोडा" म्हणजे किती, हे कुणाला माहीत असेल तर अजूनही सांगा.